स्वच्छ हवेचे बिल कोणाच्या खिशातून?

लंडनला जाण्याचा योग आलेला आपला माणूस तेथे दुसरे काही पाहो वा न पाहो, किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरापुढे मात्र हात जोडून येतोच. १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थी भीमराव आंबेडकर जेथे राहून अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते, ते हे घर. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले व तेथे स्मारक केले. त्या घराच्या दारापर्यंत जी मोटार आपल्याला नेते ती जुनी डिझेलची असेल, तर तिच्या मालकाला त्या एका दिवसाचे साडेबारा पौंड लंडनच्या वाहतूक खात्याकडे भरावे लागतात. आपल्या हिशेबाने चौदाशे रुपयांच्या आसपास. हा दंड नव्हे. शहराची हवा घाण केल्याबद्दलचा तो रोजचा आकार आहे. दंड निराळा, आणि तो १८० पौंडांचा.

आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांची चूल चाकावर पेटते. कोणाचा बाप रिक्षा चालवतो, कोणाचा भाऊ टेम्पो, कोणाचा मुलगा कंपनीची टॅक्सी. तेव्हा विलायतेतील ड्रायव्हर मंडळी या आकाराविषयी काय म्हणतात, ते का चिडले, आणि कोठे त्यांचे चुकते, हे आपण नीट समजून घ्यावे असे आम्हांस वाटले. कारण तेथे आज जे आले ते येथे उद्या येते, हा आजवरचा अनुभव आहे.

प्रथम नियम सांगतो. आपल्याकडे गाड्यांना बी.एस.-४, बी.एस.-६ असे दर्जे असतात, तसे तिकडे युरो-४, युरो-६ असतात. पेट्रोलची मोटार युरो-४ आणि डिझेलची युरो-६ असेल तर काही भरावे लागत नाही. साधारणपणे २००६ नंतरची पेट्रोल गाडी आणि २०१५ च्या अखेरीनंतरची डिझेल गाडी सुटते. बाकीच्यांनी पैसे भरायचे. नाक्यावर कोणी अडवत नाही, पावती फाडत नाही. खांबावरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि पुढचे काम कचेरीतले यंत्र करते. लंडनमध्ये हे एप्रिल २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागात सुरू झाले, ऑक्टोबर २०२१ मध्ये आणखी पसरले आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून साऱ्या लंडन महानगराला लागू झाले. बर्मिंगहॅमला जून २०२१ पासून आहे. तेथे मोटारीला व टॅक्सीला आठ पौंड, मालट्रक व मोठ्या बसला पन्नास पौंड. ब्रिस्टल, बाथ, ब्रॅडफर्ड, शेफिल्ड, न्यूकॅसल येथेही कमीअधिक फरकाने तसेच. काही शहरांनी घरच्या मोटारी सोडल्या आणि फक्त धंद्याच्या गाड्या धरल्या.

आमच्या परिचयाचे एक नागपूरकडचे कुटुंब पश्चिम लंडनच्या बाहेरच्या भागात राहते. गृहस्थ विमानतळाजवळच्या गोदामात रात्रपाळी करतात. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना ताई म्हणतो, म्हाताऱ्या व आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवणे, आंघोळ घालणे, औषध देणे असे सेवेचे काम करतात. सकाळी एका घरी, दहा मैलांवर दुसऱ्या घरी, दुपारी तिसऱ्या घरी. बस धरून हे काम होत नाही. त्यांच्यापाशी २०११ ची डिझेल मोटार होती. २०२३ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या गाडीला एक पैसा पडत नव्हता. पुढच्या आठवड्यापासून रोज साडेबारा पौंड.

आता हिशेब पाहा. त्या वर्षी तेथील कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला १० पौंड ४२ पेन्स होते. म्हणजे सकाळी कामाला निघाल्यावर पहिला तास आणि वर बारा मिनिटे ताई केवळ गाडी रस्त्यावर आणण्याच्या मोलासाठी राबणार. त्यानंतर पेट्रोलपाणी, मग घरभाडे, मग मुलांचे. ताई फोनवर म्हणाल्या, "दादा, स्वच्छ हवा कोणाला नको? माझ्याच धाकट्याला दमा आहे. पण मी ज्या म्हातारीला आंघोळ घालते तिच्या शेजारच्या बंगल्यातली दोन टनांची नवी गाडी फुकट फिरते आणि माझ्या डबड्याला पैसे, हे मला कोणी समजावून सांगा."

आम्ही समजावण्याचा प्रयत्न केला. नवी गाडी धूर कमी सोडते, म्हणून तिला माफी. हे शास्त्राने खरेच आहे. परंतु ताईंचा प्रश्न शास्त्राचा नव्हताच. नवी गाडी घेण्याची ज्याची ऐपत तो सुटला आणि ज्याची ऐपत नाही तो सापडला, असा तो प्रश्न होता.

हाच प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना निराळ्या रूपात मांडला होता. शेतसाऱ्याविषयी त्यांचे म्हणणे असे की, शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही असो, पीक येवो वा न येवो, सारा त्याच्या मानेवर बसतोच. उलट प्राप्तिकर मात्र ज्याने कमावले त्यालाच द्यावा लागतो. कर देणाऱ्याची ताकद न पाहता बसवलेला कर न्यायाचा नाही, हे लंडनमध्ये सार्वजनिक अर्थकारण शिकून आलेल्या माणसाने सभागृहात सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे त्यांनी ओंजळीने पिऊन दाखवले. पाणी सर्वांचे, हवा सर्वांची. तिच्या राखणीचा खर्च मात्र कोणी किती द्यायचा, याचा हिशेब त्या सभागृहातल्या भाषणात सापडतो.

डिझेलवाल्यांची तक्रार याहून कडू आहे आणि आमच्या मते ती सर्वांत खरी आहे. विलायतेच्या सरकारने २००१ साली मोटारीवरचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बसवला. डिझेल गाडी तो वायू कमी सोडते, त्यामुळे तिचा कर कमी झाला आणि लोक डिझेलकडे वळले. २००० साली विकल्या जाणाऱ्या सात नव्या गाड्यांत एखादी डिझेलची असे. २०१२ पर्यंत निम्म्या डिझेलच्या झाल्या. डिझेलच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि बारीक काजळी फुप्फुसाला काय करते, हे तेव्हाही डॉक्टरांना ठाऊक नव्हते असे नाही. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने तपासणीच्या वेळी यंत्राला फसवणारी युक्ती गाड्यांत बसवली होती हे उघड झाले. म्हणजे सरकारने घ्या म्हटले, कंपनीने स्वच्छ आहे म्हणून विकली, आणि आठ-दहा वर्षांनी ज्याने ती तिसऱ्या हाताने घेतली त्याच्या दारात पैसे भरण्याचा कागद आला. ज्यांनी सल्ला दिला त्यांच्या खिशाला झळ लागली नाही.

रात्रपाळीवाल्यांचे दुःख आणखी वेगळे. आकाराचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. दिवसा काम करणारा सकाळी गेला, संध्याकाळी आला, एक दिवस मोजला गेला. रात्री दहाला निघून सकाळी सहाला परतणाऱ्याचे दोन दिवस मोजले जातात. आठवड्याच्या पाच रात्री केल्या तर सहा दिवसांचे पैसे. एकच जादा पाळी मिळाली तर एका पाळीचे दुप्पट. रात्रपाळी कोण करतो? झाडूवाला, पहारेकरी, दवाखान्यातली आया, गोदामातला हमाल. आणि रात्री दोन वाजता बस मिळत नाही म्हणूनच तर त्यांनी जुनी गाडी पाळलेली असते. बर्मिंगहॅमला नियम लागू होण्याआधीपासून चालकांनी ही मध्यरात्रीची गोष्ट मांडली होती. ती घड्याळाची सोय बदलली नाही. आम्हांला हे अनाकलनीय वाटते; पहाटे चारला दिवस संपवला असता तर कोणाची हवा बिघडली असती?

बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने काही सवलती मात्र दिल्या, हे नोंदवले पाहिजे. शहराच्या मध्यभागात कामाला असणाऱ्या आणि वर्षाला तीस हजार पौंडांहून कमी मिळवणाऱ्यांना आरंभी वर्षभर माफी होती. दवाखान्यात जाणाऱ्यांनाही आरंभीच्या काळात माफी ठेवली होती. पण माफी आपोआप मिळत नसे. अर्ज करा, पगाराचा दाखला जोडा, मुदतीत पाठवा. ज्याला इंग्रजी कागद वाचण्याची सवय नाही, तो पहिल्या पायरीलाच अडखळतो. आपल्याकडे शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जे होते, तेच तिकडे.

शिवाय पत्राची गंमत ऐका. कॅमेऱ्याने नंबर वाचला तरी दंडाचे पत्र टपालाने यायला दिवस लागतात. नियमाची पाटी न कळलेला माणूस सोमवारी गेला, मंगळवारी गेला, आठवडाभर गेला. मग एके दिवशी दाराच्या फटीतून एकामागून एक लखोटे पडतात. बर्मिंगहॅमला प्रत्येक लखोट्यात १२० पौंड, चौदा दिवसांत भरले तर ६०. आठ पौंड चुकले म्हणून एका आठवड्यात तीनशे पौंड गेले अशी घरे तेथे थोडी नाहीत.

व्हॅनवाल्याची अडचण सरकारला शेवटपर्यंत नीट कळली नाही असे आमचे मत आहे. मोटारवाल्याला एक पळवाट होती: डिझेल विकून २००७-०८ ची जुनी पेट्रोल मोटार घ्यायची, ती स्वस्तात मिळते आणि नियमात बसते. ताईंनी तेच केले. लंडनच्या महापौरांनी जुनी मोटार मोडीत काढणाऱ्याला दोन हजार पौंड देऊ केले होते. प्रथम ते ठरावीक भत्ते मिळणाऱ्यांनाच होते, मागाहून ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व रहिवाशांना खुले झाले. ताईंना ते मिळाले, वरची भर त्यांनी भिशीतून घातली. पण सुतार, नळकाम करणारा, भाजी पोचवणारा यांची व्हॅन जवळपास नेहमी डिझेलचीच असते. तिला जुन्या पेट्रोलचा पर्याय नाही. त्याला एकदम २०१६ नंतरचीच व्हॅन घ्यावी लागते, आणि सगळेच ती शोधू लागल्यावर तिचा भाव चढतो. छोट्या धंद्याला व्हॅनमागे पाच हजारांचे सात हजार पौंड केले, तेही नियम लागू होण्याच्या तोंडावर.

मँचेस्टरला काय घडले ते सांगण्यासारखे आहे. मँचेस्टर धरून त्या भागातल्या दहा नगरपालिकांनी मिळून लंडनबाहेरचे सर्वांत मोठे क्षेत्र आखले होते. ३० मे २०२२ पासून टॅक्सीला साडेसात पौंड, मालट्रकला साठ, पुढे व्हॅनला दहा. घरच्या मोटारीला काही नाही. पाट्या उभ्या राहिल्या, कॅमेरे बसले. टॅक्सीवाल्यांत दक्षिण आशियातून आलेल्यांचा भरणा मोठा. टॅक्सीवाले, व्हॅनवाले सारे रस्त्यावर उतरले. साध्या मोटारी लाखांनी धूर सोडत जाणार आणि पोटासाठी चालणारी गाडी तेवढी धरणार, हे त्यांना मान्य नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये योजना थांबली. फेरविचार चालू आहे अशी चिठ्ठी पाट्यांवर डकवली गेली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये सरकारने आकार न घेता विजेच्या बसगाड्या घालणे आणि टॅक्सी बदलायला मदत देणे, अशा मार्गाला मान्यता दिली. संघटित होऊन, आपला हिशेब मांडून कष्टकऱ्यांनी मिळवलेली ही गोष्ट आहे.

पण याच विरोधात दुसरेही लोक घुसले, हे आम्ही लपवणार नाही. लंडनमध्ये जुलै २०२३ मध्ये पश्चिमेकडच्या अक्सब्रिज येथे पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाने साऱ्या प्रचाराचा रोख या साडेबारा पौंडांवर ठेवला आणि ४९५ मतांनी जागा राखली. मूळ योजना २०१५ साली त्याच पक्षाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी जाहीर केली होती, हे कोणी आठवत नव्हते. बाहेरच्या चार नगरपालिका व सरे परगणा कोर्टात गेले व हरले. रात्री येऊन कॅमेऱ्यांच्या तारा कापणारी टोळकी निघाली. ज्यांच्या दारात दोन-दोन नव्या मोटारी, त्यांनी ताईंसारख्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवली. ताईंना कोणती सवलत हवी आहे, हे मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

आता ज्या मुलीमुळे ही चर्चा विलायतेच्या घराघरांत पोचली तिच्याविषयी लिहितो. तिचे नाव एला अडू-किसी-डेब्रा. आफ्रिकी वंशाची, दक्षिण लंडनच्या लुइशममध्ये राहणारी. घरापासून जेमतेम पंचवीस मीटरवर साउथ सर्क्युलर हा रहदारीचा मोठा रस्ता. तिला जबर दमा जडला. तीन वर्षांत पंचवीसहून अधिक वेळा तिला दवाखान्यात न्यावे लागले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. तिची आई रोझमंड शिक्षिका. हवेतल्या विषाविषयी आपल्याला कोणी काही सांगितलेच नाही, सांगितले असते तर घर बदलले असते, असे त्या सांगत राहिल्या. सात वर्षे त्या लढल्या. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रदूषित हवेचाही तिच्या मरणात वाटा होता असे नोंदवले. विलायतेत मृत्यूच्या दाखल्यावर असे कारण प्रथमच लागले.

आणि पुढचे वाचून आम्ही काही वेळ थांबलो. २०२१ साली लंडनचे क्षेत्र वाढवले तेव्हा त्याची हद्द नॉर्थ सर्क्युलर आणि साउथ सर्क्युलर या रस्त्यांपर्यंत नेली, पण ते रस्ते मात्र वगळले. म्हणजे ज्या रस्त्याच्या धुरात एला वाढली तो रस्ताच नियमाबाहेर राहिला. तो आत आला तो २०२३ मध्ये, ज्या वाढीविरुद्ध एवढा गदारोळ झाला त्याच वाढीत.

विरोध करणाऱ्या काही ड्रायव्हरांशी आमचे मतभेद आहेत ते येथे. हवा काही बिघडलेली नाही, हा पैसे काढण्याचा धंदा आहे, असे म्हणणारे भेटतात. लंडनच्या पालिकेने मार्च २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, ही योजना नसती तर जेवढा नायट्रोजन डायऑक्साइड असता त्यापेक्षा तो साऱ्या शहरात २७ टक्क्यांनी व मध्यभागात ५४ टक्क्यांनी कमी झाला. हे थोडे नव्हे. मोठ्या रस्त्यालगत कोण राहते? ज्याला स्वस्त भाड्याची खोली लागते तो. त्यातल्या पुष्कळांपाशी मोटारच नसते. आणि काचा लावून बसलेला ड्रायव्हर सुरक्षित असतो हाही भ्रम आहे. पुढच्या गाडीचा धूर हवेच्या जाळीतून आत येतो आणि दहा-दहा तास तो तेच हुंगतो. ताईंचे यजमान म्हणाले की, त्यांच्या गोदामातले निम्मे ड्रायव्हर खोकतात आणि तेच सर्वांत जास्त ओरडतात.

ताई स्वतः आज काय म्हणतात? गाडी बदलल्यापासून पैसे पडत नाहीत. धाकट्याचा दमा कमी आहे. हवेमुळे की वयामुळे, हे त्या सांगू शकत नाहीत. राग मात्र गेलेला नाही. "दोन हजार आधी हातात ठेवून मग नियम लावायचा होता. आम्हांला पाच महिने झोप नव्हती," एवढेच त्या म्हणाल्या.

आपल्या देशात हे लांबचे राहिलेले नाही. दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरण भरपाई आकार लावला, हलक्या गाडीला ७०० आणि मोठ्या ट्रकला १३०० रुपये, आणि दोन महिन्यांत तो दुप्पट केला. महाराष्ट्रात जुन्या गाडीवर पर्यावरण कर आहेच. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त गॅसच्या व विजेच्या ठेवता येतील काय, हे तपासायला सांगितले आणि शासनाने समिती नेमली.

हा विषय आम्ही चेंबूरच्या एका टेम्पो स्टँडवर काढून पाहिला. चहा येईपर्यंत सगळे एकदम बोलत होते. कोणी म्हणाला पी.यू.सी.चा कागद पैसे दिले की मिळतो, आधी ते बंद करा. कोणी म्हणाला कंपन्यांच्या चिमण्यांना कॅमेरा लावा. एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी काळी-पिवळी टॅक्सी गॅसवर करून घेतलेली होती, ते म्हणाले की तेव्हाही असेच ओरडलो होतो. पण गॅस स्वस्त पडला म्हणून निभावले, पंपावर रात्र-रात्र रांग लावली ती वेगळीच. एक तरुण टेम्पोवाला गप्प बसून होता. त्याची गाडी २०१८ ची, बी.एस.-४, पतपेढीच्या कर्जावर जुनीच घेतलेली. उठताना त्याने एवढेच विचारले की, अशी गाडी उद्या शहरात चालेनाशी झाली तर पतपेढी हप्ता माफ करते काय. त्याचे अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत.